मुसार: स्वभाव घडवण्याची ज्यू शिस्त (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ज्यू धर्माबद्दल मराठीत बोलणे निघाले की ते बहुतेक वेळा इस्रायलच्या राजकारणावर नाहीतर हिटलरच्या छळछावण्यांवर येऊन थांबते. या परंपरेने माणसाचा राग, जीभ, हाव आणि आळस यांवर शतकानुशतके किती बारकाईने काम केले, हे फारसे कुणी सांगत नाही. या विषयावर बोलताना जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. मी स्वतः ज्यू नाही. पण या ग्रंथांच्या वाचनाने माझ्या रोजच्या वागण्याला वळण लागले आहे आणि ते इतरांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

मुसार म्हणजे काय?

स्वभावातले गुणदोष ओळखून त्यांवर रोज, ठरवून काम करण्याची ज्यू परंपरा म्हणजे मुसार. एकेका गुणाला ‘मिद्दा’ म्हणतात. सहनशीलता ही एक मिद्दा, तसेच नम्रता, टापटीप आणि मौनही.

ज्यू धर्मात काय खावे, कधी प्रार्थना करावी, शनिवारी काय करू नये याचे तपशीलवार नियम आहेत. हे सगळे नियम पाळणारा माणूससुद्धा घरात तापट आणि बाजारात लबाड असू शकतो, हे त्यांच्या विचारवंतांच्या फार पूर्वी लक्षात आले होते. अकराव्या शतकात स्पेनमधल्या सारागोसाचे बाह्या इब्न पाकुदा यांनी अरबीत एक ग्रंथ लिहिला. शरीराने करायच्या कर्तव्यांवर इतके लिहिले गेले, पण मनाच्या कर्तव्यांवर कुणीच का लिहीत नाही, अशी खंत त्यांनी सुरुवातीलाच मांडली आहे. पुढे 1740 साली ॲमस्टरडॅममध्ये मोशे हाईम लुझ्झातो यांचे ‘मेसिलात येशारीम’ छापले गेले. मुसारच्या वाचनात आजही त्याचे स्थान पहिले आहे. प्रस्तावनेत लुझ्झातो सांगतात की मी नवीन काही शिकवायला बसलेलो नाही. यातले बहुतेक सगळे वाचकाला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच ते विसरले जाते. त्यामुळे हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचे असते, एकदा वाचून त्याचा काही उपयोग नाही.

याची चळवळ कुणी उभी केली?

रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्राएल सालांतर यांनी. त्यांचा जन्म 1809 सालचा, लिथुआनियातल्या झागारे गावचा. 1883 साली कोनिग्जबर्ग इथे त्यांचे निधन झाले. विल्ना आणि कोव्हनो या शहरांत त्यांनी मुसारच्या अभ्यासासाठी वेगळ्या खोल्या सुरू केल्या. व्यापारी आणि कारागिरांनी कामातून थोडा वेळ काढून तिथे यावे, एखादे वचन चालीवर, मोठ्याने, मनाला भिडेपर्यंत म्हणावे आणि मग परत कामाला जावे, अशी त्यांची कल्पना होती. ज्ञान डोक्यात असते आणि राग येतो तेव्हा ते कामाला येत नाही, हे त्यांचे निदान होते. म्हणून वचन इतके घोटायचे की ऐन प्रसंगी ते आपोआप वर यावे. आपल्याकडे वारकरी एकच अभंग आयुष्यभर म्हणतो, त्याला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

त्यांच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या कथांमधल्या दोन मला सर्वांत मोलाच्या वाटतात. जेवणाआधी हात धुण्याचा धार्मिक विधी असतो आणि भरपूर पाणी घेऊन हात धुणे चांगले मानतात. एका घरी ते पाहुणे होते आणि त्यांनी अगदी मोजके पाणी वापरले. कारण विचारल्यावर म्हणाले, हे पाणी कामवाली मुलगी लांबून वाहून आणते, तिच्या खांद्यावर मी माझे पुण्य करणार नाही. दुसरी कथा वल्हांडणाच्या सणाच्या बिनखमिराच्या भाकरीची, म्हणजे मात्साची. तिच्या नियमांत तसूभरही चूक चालत नाही. शिष्य देखरेखीला निघाले आणि त्यांनी विचारले, कशाकडे खास लक्ष देऊ? सालांतर म्हणाले, पीठ मळणारी बाई विधवा आहे, घाईगडबडीत तिच्यावर ओरडू नका.

आधी मन बदलायचे की वागणे?

वागणे. हा या परंपरेचा गाभा आहे आणि माझ्या मते तिची सर्वांत उपयोगी शिकवण. तेराव्या शतकातल्या स्पेनमधला एक ग्रंथ स्पष्ट सांगतो की माणसाचे अंतःकरण त्याच्या कृतीच्या मागे ओढले जाते. उदार वाटू लागेल तेव्हा दान देईन, असे म्हणणारा वाट बघत राहतो. देत राहणाऱ्याला मात्र हळूहळू उदारपणाची सवय लागते.

बाराव्या शतकातले मैमोनिदीस यांनी हे हिशेब मांडून दाखवले आहे. ते कैरोजवळच्या फुस्तातमध्ये राहत, वैद्य होते आणि ज्यू कायद्याचा सर्वांत मोठा संग्रह त्यांनीच केला. एका माणसाने हजार नाणी एकाच गरजूला एकदम दिली. दुसऱ्याने एकेक नाणे हजार वेळा दिले. रक्कम सारखीच, पण उदारतेचा गुण दुसऱ्याच्या अंगी बाणतो, कारण त्याचा हात हजार वेळा उघडला. पहिल्याला एकदा उमाळा आला आणि विरून गेला. वर्षातून एकदा वाढदिवसाला मोठी देणगी देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

वहीची पद्धत काय आहे?

सतानोव्हचे मेनाहेम मेंडेल लेफिन यांनी 1808 साली हिब्रूत एक पुस्तक काढले, ‘हेशबोन हानेफेश’, म्हणजे आत्म्याचा जमाखर्च. त्यात तेरा गुण निवडलेले आहेत: मनाची स्थिरता, सहनशीलता, टापटीप, निर्णयाची तत्परता, स्वच्छता, नम्रता, न्याय, काटकसर, कामसूपणा, मौन, सौम्यता, सत्य आणि संयम. प्रत्येक गुणाला एक आठवडा. तेरा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते आणि वर्षात चार फेऱ्या बसतात. वहीत आठवड्याच्या सात दिवसांची चौकट आखायची आणि रोज रात्री, जिथे चुकलो तिथे खूण करायची. ही युक्ती लेफिन यांनी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडून घेतली. पूर्व युरोपातल्या एका ज्यू पंडिताने अमेरिकन मुद्रकाची पद्धत बिनदिक्कत उचलली आणि पुढे सालांतर यांनी तेच पुस्तक पुन्हा छापून घेतले. चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी, याबद्दल या परंपरेला संकोच नाही. ‘शहाणा कोण? जो प्रत्येक माणसाकडून शिकतो,’ हे ‘पिर्के अवोत’ या प्राचीन वचनसंग्रहातले वाक्य ज्यू मुले लहानपणीच शिकतात.

एका आठवड्यात गुण अंगी येणार नाही, हे लेफिन यांना माहीत होते. आठवडाभर त्या एका गोष्टीवर नजर ठेवायची, एवढाच उद्देश. मौनाच्या आठवड्यात आपण दिवसाकाठी किती निरुपयोगी बोलतो हे दिसते, आणि एकदा दिसले की पुढच्या आठवड्यातही ते नजरेआड होत नाही.

मला राग आवरत नाही. यात काही उपाय आहे का?

मैमोनिदीस प्रत्येक गुणात मधला मार्ग सांगतात: कंजूषही नको, उधळ्याही नको. फक्त दोन ठिकाणी ते मध्यावर थांबत नाहीत, अहंकार आणि राग. इथे माणसाने पार दुसऱ्या टोकाला जावे असे ते म्हणतात. मुलांना धाक दाखवायची वेळ आली तर चेहऱ्यावर राग दिसू द्यावा, पण आत मन शांत असावे.

तालमूद या ज्यू कायदा आणि कथांच्या प्राचीन ग्रंथसंग्रहात हिल्लेल या थोर गुरूंची एक गोष्ट आहे. हिल्लेलला चिडवून दाखवतो म्हणून एकाने चारशे झूझ नाण्यांची पैज लावली. शुक्रवारची संध्याकाळ जवळ आलेली, हिल्लेल शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, तयारीसाठी डोके धूत होते. हा दाराशी येऊन ओरडला, हिल्लेल कोण आहे इथे? ते अंगावर कपडा घेऊन बाहेर आले. प्रश्न काय, तर बाबिलोनच्या लोकांची डोकी गोल का असतात? हिल्लेल म्हणाले, मोठा प्रश्न विचारलास बाळा, आणि उत्तर दिले. थोड्या वेळाने तो परत आला, मग पुन्हा एकदा. प्रश्न तसेच निरर्थक. शेवटी वैतागून तो म्हणाला, तुझ्यासारखे आणखी न निपजोत, तुझ्यामुळे माझी चारशे नाणी गेली. हिल्लेल म्हणाले, तुझी चारशे, आणखी चारशे गेली तरी चालतील, हिल्लेल चिडणार नाही.

एवढी शांती आपल्याला लगेच जमणार नाही. त्यासाठी एक सोपे सूत्र ‘पिर्के अवोत’मध्ये आहे. तिथे माणसांचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत धर्मशील म्हटले आहे ते उशिरा चिडणाऱ्या आणि लवकर निवळणाऱ्याला. कधीच न चिडणाऱ्याचा तिथे उल्लेखही नाही. आणि समोरचा चिडलेला असेल तर? तो रागात असताना त्याची समजूत काढायला जाऊ नकोस, असे त्याच संग्रहात म्हटले आहे. घराघरांतली किती भांडणे केवळ ‘तू आधी शांत हो’ या वाक्याने वाढतात!

वाईट प्रवृत्ती मारून टाकायची असते का?

नाही. माणसात दोन ओढी असतात, एक चांगली आणि एक वाईट. पण बायबलच्या उत्पत्तीच्या कथेत देवाला आपली निर्मिती ‘फार चांगली’ वाटली, त्या ‘फार चांगली’त ही वाईट ओढही आली, असा अर्थ जुन्या भाष्यकारांनी लावला आहे. ती नसती तर कुणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुले जन्माला घातली नसती, व्यापार केला नसता. महत्त्वाकांक्षा, वासना, स्पर्धा यांना लगाम घालून कामाला जुंपायचे. ‘बलवान कोण? जो आपल्या ओढीवर ताबा ठेवतो.’

बोलण्याबद्दल इतके नियम का आहेत?

कारण बहुतेक माणसे खून-चोरी करत नाहीत, पण जिभेने रोज कुणाला तरी जखमी करतात. ‘लशोन हारा’ म्हणजे दुसऱ्याबद्दल वाईट बोलणे, आणि ते खरे असले तरी निषिद्ध आहे. खोटे असेल तर तो त्याहून मोठा, वेगळा गुन्हा. ‘पण मी खरंच तर सांगतोय’ ही आपली नेहमीची सबब इथे मुळातच चालत नाही. अशा बोलण्याने तिघांचा घात होतो, असे तालमूद म्हणतो: बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा आणि ज्याच्याबद्दल बोलले जाते त्याचा.

या एका विषयावर रब्बी इस्राएल मेईर कागान यांनी 1873 साली ‘हाफेत्स हाईम’ हा अख्खा ग्रंथ लिहिला आणि पुढे जग त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. रादून या लहानशा गावी त्यांचे किराणा दुकान होते. 1933 साली ते वारले.

मराठी घरात लगेच उभा राहणारा प्रश्न म्हणजे स्थळाची चौकशी. मुलगा कसा आहे, असे कुणी विचारले आणि तो दारुडा आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर गप्प बसायचे का? हाफेत्स हाईम यांचे उत्तर स्पष्ट आहे. एखाद्याचे नुकसान टाळण्यासाठी सांगावे लागेल तर सांगितलेच पाहिजे, गप्प बसणे चुकीचे. मात्र अटी आहेत. गोष्ट स्वतः पडताळलेली हवी, ऐकीव नको. तिखटमीठ लावायचे नाही. मनात जुना राग धरून बोलायचे नाही. दुसऱ्या मार्गाने काम होत असेल तर हा मार्ग घ्यायचा नाही. आणि सांगितल्यामुळे त्या माणसाचे रास्त असेल त्याहून जास्त नुकसान होऊ द्यायचे नाही. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाआधी होणाऱ्या फोनाफोनीला या पाच चाळण्या लावून बघा.

दुखावणाऱ्या बोलण्याचा आणखी एक प्रकार आहे. मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ कायदेग्रंथ, म्हणते, घ्यायचेच नसेल तर दुकानदाराला ‘हे कितीला?’ असे विचारू नका. त्याची आशा उगाच जागवून मोडायची नाही. त्याच परिच्छेदात पुढे म्हटले आहे की कुणी आपली जुनी वाट सोडून सुधारला असेल, तर ‘आठव तू आधी काय होतास’ असे त्याला म्हणू नका.

याच नियमाची एक शोकांतिका तालमूदच्या त्याच भागात पुढे येते. रेश लाकीश हा पूर्वायुष्यात दरोडेखोर होता. रब्बी योहानान यांनी त्याला विद्येकडे वळवले, आपली बहीण दिली, आणि तो त्यांचा सहाध्यायी झाला. एके दिवशी तलवार आणि सुरी कोणत्या टप्प्यावर ‘तयार’ मानायची या रुक्ष मुद्द्यावरून वाद झाला आणि योहानान बोलून गेले, चोराला आपली हत्यारे माहीत असायचीच. रेश लाकीश खचला, आजारी पडला आणि गेला. योहानान यांचे सांत्वन करायला एका विद्वानाला पाठवले गेले. ते जे म्हणतील त्याला हा दुजोरा देई. योहानान म्हणाले, तू काय त्याच्यासारखा आहेस? मी एक बोललो की तो चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरे द्यायचो आणि त्यातून विषय उलगडत जायचा. मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? शेवटी कपडे फाडत ‘लाकीशच्या मुला, कुठे आहेस’ असे आक्रोशत ते फिरले.

जिभेवरच्या साऱ्या उपदेशाहून ही गोष्ट मला मोठी वाटते. ज्याने माणूस घडवला त्यानेच एका वाक्यात तो मोडला.

माफी मागण्याची रीत काय आहे?

चूक मान्य करून परत फिरण्याला ‘तशुवा’ म्हणतात. ज्यू नववर्ष, रोश हशाना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. त्याच्या आधीचा एलुल महिना आणि नंतरचे दिवस धरून योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासापर्यंतचा काळ यासाठीच राखलेला आहे. योम किप्पूरला साधारण पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य असते.

इथे मिश्नेची अट आहे. देव आणि माणूस यांच्यातल्या चुका योम किप्पूर धुऊन काढतो, पण माणसामाणसांतल्या चुका, समोरच्याची समजूत घातल्याखेरीज, योम किप्पूरसुद्धा धुऊ शकत नाही. म्हणजे शेजाऱ्याला फसवून सिनेगॉगमध्ये, ज्यू प्रार्थनास्थळात, रडून उपयोग नाही. आधी शेजाऱ्याच्या दारी जा.

मैमोनिदीस यांनी याचे टप्पे दिले आहेत. घेतलेले परत करा. नुसते परत करून भागत नाही, तोंडाने माफी मागा. त्याने नाकारली तर तीन जणांना बरोबर घेऊन जा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तरीही तो तयार नसेल तर त्याला सोडून द्या, आता दोष त्याचा. तो मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्याशी जा आणि त्यांच्यासमोर कबुली द्या. माफ करणाऱ्यालाही ते बजावतात की निर्दय होऊ नये, सहज निवळावे. खोटी बदनामी झाली असेल तर मात्र माफ करण्याचे बंधन नाही, असे नंतरच्या कायदेपंडितांनी जोडले. मला ही सवलत महत्त्वाची वाटते. काही जखमांना ‘विसरून जा’ म्हणणे हाही अन्याय असतो.

तशुवा पूर्ण झाली हे कसे ओळखायचे? तीच संधी, तीच माणसे, अंगात तीच ताकद, आणि या वेळी माणूस तसे वागला नाही, तर पूर्ण झाली. अश्रूंवरून किंवा पश्चात्तापाच्या तीव्रतेवरून मैमोनिदीस काही ठरवत नाहीत.

मी कुणाबद्दल पाठीमागे वाईट बोललो आणि त्याला ते माहीत नाही. सांगून माफी मागू का?

यावर दोन मोठ्या माणसांचे मतभेद आहेत. हाफेत्स हाईम यांच्या मते सांगून माफी मागायला हवी. सालांतर यांचे मत उलटे होते असे सांगतात: ज्याला काहीच माहीत नाही त्याला जाऊन दुखवायचे, तेही स्वतःचे मन हलके व्हावे म्हणून, हे बरोबर नाही. मी स्वतः सालांतर यांच्या बाजूने झुकते. त्याऐवजी ज्यांच्याजवळ वाईट बोललात त्यांच्याकडे जा आणि तिथले नुकसान भरून काढा. ते जास्त अवघड आहे आणि जास्त उपयोगाचेही.

या परंपरेचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे आणि जुना आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल मराठीच बोलत आले. रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी त्यांची वस्ती होती आणि गावावरूनच त्यांची आडनावे पडली. अलिबागेत आजही इस्राएल आळी आहे. ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध नव्हता, हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते, त्या काळातही शनिवार आणि ‘शेमा’ची प्रार्थना त्यांनी सोडली नाही. योम किप्पूरला ते ‘दारफळणीचा सण’ म्हणत. पांढरे कपडे घालून, दारे लावून, दिवसभर इतरांशी संपर्क न ठेवता उपास करत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: गोरगरिबांना दानधर्म आणि एकमेकांकडे जाणे-येणे. मुंबईत 1796 साली सामुएल दिवेकर यांनी बांधलेले सिनेगॉग भारतातल्या बेने इस्राएलांचे पहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

सालांतर यांची मुसार चळवळ मात्र लिथुआनियातली आहे, ती कोकणात रुजली असे नाही. पण रोजच्या कामात धर्म टिकवायचा तर काय मोजावे लागते, हे आठवड्यातला एक दिवस घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शब्बाथचा स्वभावाशी काय संबंध?

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत एकोणचाळीस प्रकारची कामे बंद. पेरणे, दळणे, लिहिणे, शिवणे, विस्तव पेटवणे, सगळे. आठवड्यातून एक दिवस तुम्ही जगात काही बदल करत नाही, आणि तुमच्यावाचून जग चालते हे बघता. कामावरून स्वतःची किंमत ठरवणाऱ्याला ही शिस्त जड जाते, आणि म्हणूनच त्याला तिची गरज असते.

मला अमुक गोष्ट जमणारच नाही असे वाटते. मग?

रब्बी एलियाहू देस्लर (1892–1953) यांनी याचे फार समंजस उत्तर दिले आहे. प्रत्येक माणसाची निवडीची रेषा वेगळी असते. चोरांच्या टोळीत वाढलेल्याला चोरी करावी की नाही हा प्रश्नच पडत नाही, पण पकडले जाण्याची वेळ आली तर जीव घ्यायचा की नाही, इथे त्याची खरी लढाई असते. दुसऱ्या एखाद्यासाठी चोरीचा विचारही अशक्य, त्याची लढाई उशिरा आलेल्या सहकाऱ्याशी नीट बोलण्यापाशी असते. आपल्याला जिथे खरोखर दोन्ही बाजूंनी ओढ जाणवते तिथेच काम करायचे. तिथे जिंकले की रेषा थोडी वर सरकते. या हिशेबाने शेजाऱ्याशी तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही, कारण त्याची रेषा कुठे आहे ते तुम्हाला दिसत नाही.

मुसारच्या सगळ्या शाळा सारख्याच होत्या का?

मुळीच नाही. केल्म गावच्या शाळेत शांतता आणि टापटीप यांवर भर होता. नोव्हार्दोकचे विद्यार्थी लोकलज्जेची भीती घालवण्यासाठी औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागत आणि हसे सहन करत. स्लाबोद्का इथे नोसोन त्स्वी फिंकेल माणसाच्या थोरवीवर बोलत: तू इतका मोठा आहेस, मग हे क्षुद्र वागणे तुला शोभते का? मला ही तिसरी वाट सर्वांत निरोगी वाटते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लिथुआनियातले हे सारे जग नष्ट केले. वाचलेल्या गुरू-शिष्यांनी ते इस्रायल, इंग्लंड आणि अमेरिकेत पुन्हा उभे केले.

दानाबद्दल काय सांगितले आहे?

उत्पन्नाचा दहावा भाग द्यावा, पाचव्या भागापेक्षा जास्त देऊन स्वतः कंगाल होऊ नये. मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन अशा जागी आणणे की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. आणि आंबट चेहऱ्याने हजार सोन्याची नाणी दिली तरी पुण्य गेले.

ज्यू नसलेल्याने हे करावे का? त्यासाठी धर्म बदलावा लागतो का?

धर्म बदलायला ज्यू परंपरा कुणाला बोलावत नाही, उलट स्वतःहून आलेल्यालाही रब्बी आधी परावृत्त करतात. इतर लोकांमधल्या सज्जनांनाही परलोकात वाटा आहे, हे त्यांचे जुने मत आहे. तेव्हा वचने वाचा, वही ठेवा, माफीची रीत आचरणात आणा. मात्र त्यांचे विधी, प्रार्थनेची वस्त्रे आणि पवित्र वस्तू हौस म्हणून वापरू नका. ती देवाशी असलेल्या त्यांच्या कराराची खूण आहे.

देव मानत नसाल तर? मग मुसारचा एक पाय लंगडा पडतो, हे मी लपवणार नाही. या सगळ्यांसाठी प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे आणि म्हणूनच पाणी वाहणाऱ्या मुलीचा खांदा पवित्र आहे. पण तो खांदा दुखतो हे कळायला श्रद्धा लागत नाही. तिथून सुरुवात करता येते.

रोज चुका लिहून अपराधी वाटत राहणार नाही का?

वाटू शकते. चुका मोजून स्वतःला झोडपणे सुरू झाले, झोप उडाली, तर वही बाजूला ठेवा आणि गरज वाटल्यास डॉक्टरांशी बोला. स्वतःला दुष्ट समजू नकोस, असे ‘पिर्के अवोत’ही सांगते. काम पुरे करणे तुझ्यावर नाही, पण ते सोडून देण्याचीही तुला मुभा नाही, हे रब्बी तार्फोन यांचे वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

आज रात्रीच सुरू करायचे असेल तर?

साधी वही घ्या, मोबाईल नको. एकच गुण निवडा, आणि तो तुम्हाला आवडणारा नव्हे, घरच्यांना तुमच्यात हवा असलेला निवडा. त्यांनाच विचारा, आणि उत्तर आले की वाद घालू नका. त्या गुणावरचे एक वाक्य पानाच्या माथ्यावर लिहा आणि सकाळी कामाला निघण्याआधी मोठ्याने म्हणा. दिवसाला एक अगदी लहान काम ठरवा. सहनशीलतेचा आठवडा असेल तर समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे, एवढेच. रात्री दोन ओळी लिहा: कुठे जमले, कुठे नाही, कुणाशी. कारणे लिहू नका, कारणांच्या नावाखाली आपण स्वतःची वकिली करतो. त्या दोन ओळींत एखाद्याचे नाव सलत राहिले, तर दुसऱ्या दिवशी त्याला भेटा किंवा फोन करा. मेसेज पाठवू नका.